चढलेला पगार : मराठी फौजेतील थकबाकी आणि धरणे

अठराव्या शतकातील मराठी फौजेत पगार वेळेवर मिळणे हा अपवाद होता आणि तो चढत जाणे हा नियम. ‘पगार चढला’ याचा अर्थ तो वाढला असा नव्हे. तो देणाऱ्याच्या नावावर महिन्यामागून महिना साचत गेला, असा. या चढलेल्या रकमेसाठी शिपाई आपल्या जमादाराला धरी, जमादार सरदाराला, सरदार पेशव्याला आणि पेशवा सावकाराला. या साखळीत सर्वांत कोंडी होई ती पथकाच्या नायकाची. सरकारने पैसा दिला नाही तरी भरतीच्या वेळी शिपायांना शब्द त्यानेच दिलेला असे. त्यामुळे वर तगादा लावणे आणि खाली समजूत घालणे, ही दोन्ही कामे त्याच्याच गळ्यात पडत. मराठी राज्यातील अनेक मोठे प्रसंग या कोंडीतून घडले किंवा बिघडले. लढायांच्या वर्णनांत मात्र पगाराचा प्रश्न सहसा एखाद्या ओळीत आटोपतो.

या व्यवहाराची भाषा मोठी आहे. दरमहाच्या वेतनाला मुशाहिरा म्हणत, रोजच्या किंवा थोड्या मुदतीच्या खर्चीला रोजमुरा. मोहिमेवर निघण्यापूर्वी स्वाराला घोड्याची तयारी करण्यासाठी मिळणारी उचल म्हणजे नालबंदी. पैसा रोख न देता एखाद्या महालाच्या वसुलावर चिठ्ठी दिली, तर ती वरात. खुद्द पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मराठीत असा रुजला की तो परका आहे हे आता सांगावे लागते.

शिवकाळात ही व्यवस्था वेगळ्या पायावर उभी होती. कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीत लष्कराची उतरंड आणि वेतने दिली आहेत : जुमलेदाराला पाचशे होन, हजारीला हजार होन. पगार रोख द्यावा किंवा खजिन्यावर वरात द्यावी, मुलूख तोडून देऊ नये, हा शिवाजी महाराजांचा कटाक्ष होता. मोहिमेवरून परतलेल्या फौजेची झडती होई. आणलेल्या मालाची किंमत धरून तिचा हिशेब ज्याच्या त्याच्या पगाराशी जुळवला जाई आणि वरचा ऐवज सरकारात जमा होई. लूट ही शिपायाची खासगी मिळकत नव्हती, ती राज्याच्या जमाखर्चातली एक बाब होती. पगाराचा हिशेब दरवर्षी मिटत असल्यामुळे तंटा साचण्यास जागा कमी राहिली.

हे पुढे टिकले नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. संभाजी महाराजांच्या वधानंतर, 1689 पासून, राजाराम महाराज जिंजीला आणि मुलूख मोगलांच्या टाचेखाली, अशा स्थितीत खजिनाच उरला नव्हता. औरंगजेब वतने आणि जहागिरी देऊन सरदार फोडत होता. त्यावर मराठ्यांनीही तोच उपाय योजला : मुलूख जिंकावा, त्याच्या वसुलावर फौज पोसावी. राज्य त्यामुळे तगले. पण रोख वेतनाच्या जागी सरंजाम आला तो कायमचा. सरंजाम म्हणजे ठरावीक संख्येने फौज बाळगण्याच्या अटीवर दिलेला मुलूख. एवढे स्वार ठेवायचे, एवढे दिवस चाकरी करायची, जमाखर्च सरकारात दाखवायचा. प्रत्यक्षात वसूल कधी पूर्ण येत नसे, आणि स्वारही कधी पूर्ण नसत. सरकार म्हणे, गणतीला माणसे कमी भरली. सरदार म्हणे, मुलूख उजाड आहे, पदरचे घालून फौज चालवली. दोघांचेही म्हणणे बहुधा खरे असे, आणि म्हणूनच हिशेब कधी मिटत नसे.

स्वारांमध्येही दोन जाती होत्या. बारगिराचा घोडा आणि हत्यार सरकारी किंवा सरदाराच्या पागेतले. त्याला फक्त आपल्या चाकरीचा मोबदला मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, त्यामुळे त्याचा दर मोठा, पण जोखीमही त्याचीच. लढाईत घोडा पडला तर त्याची भरपाई सरकारने द्यावी अशी अपेक्षा असे. ती वेळेवर मिळेल याची खात्री कोणालाच नसे. घोडा गेला की शिलेदाराचे सारे भांडवल गेले. थकलेला पगार मिळण्याची खात्री नसलेला शिलेदार घोडा जपून लढतो, यात भित्रेपणा शोधण्याचे कारण नाही. ज्या व्यवस्थेत माणसाच्या नुकसानीची हमी कोणी घेत नाही, तिथे तो आपले भांडवल आपणच सांभाळतो.

बाकी मागण्यासाठी दाद कोठे मागायची? दिवाणी तंट्यांना न्यायाधीश होते, पंचायत होती. पण सरकारच देणेकरी असेल तर पंचायत कोणापुढे बसवणार? त्यामुळे फौजेने सावकाराची रीत उचलली, ती धरण्याची. घेणेकरी देणेकऱ्याच्या दाराशी बसून राही, अन्न घेत नसे, आणि त्याच्या उपवासाचा भार देणेकऱ्यावर पडून त्यालाही जेवता येत नसे. फौजेच्या छावणीत हाच प्रकार सरदाराच्या डेऱ्यापुढे होई. शिपायांनी जमादाराला धरणे द्यावे, जमादारांनी सरदाराला, आणि पैसा किंवा सावकाराची जामीनकी हाती येईपर्यंत त्याला हलू देऊ नये. हे बंड मानले जात नसे. पैसा मिळाला की तेच शिपाई पुन्हा चाकरीला हजर होत. धरणे हा त्या काळचा तक्रारअर्जच होता, फक्त तो कागदावर लिहिलेला नसे.

स्वारांच्या बाबतीत ही व्यवस्था कशीबशी चाले. सरंजामदाराला मुलूख होता, गावी शेत होते, लुटीचा वाटा होता. पावसाळ्यात तो घरी जाई आणि दसऱ्याला पुन्हा निघे. पायदळ आले आणि गणित बदलले. फ्रेंच धर्तीची कवायत शिकलेल्या पायदळाला मराठीत गारदी म्हणू लागले. या पलटणींत अरब, हबशी, रोहिले, पुरभय्ये, तेलंगे असे दूरदूरचे लोक असत. त्यांना इथे वतन नव्हते, घर नव्हते. बंदूक आणि रांग सांभाळणाऱ्या पायउताराला स्वारासारखी दौड मारून लूटही करता येत नसे. त्याचे पोट महिन्याच्या रोख पगारावर, आणि फक्त त्यावरच. वर्षा-दोन वर्षांनी हिशेब पाहण्याच्या दरबारी सवयीला महिन्याच्या महिन्याला पैसा मागणारे हे पायदळ मानवणारे नव्हते.

हैदराबादेत निजामाच्या आश्रयाला असलेला फ्रेंच सेनापती बुसी याला ही अडचण आधी कळली. त्याच्या पलटणींचे पगार थकले, निजामाचे दरबारी ते मुद्दाम अडवत आहेत असे त्याला दिसले, तेव्हा 1753 साली त्याने औरंगाबादेस पोचून पगाराऐवजी पूर्व किनाऱ्यावरचे चार सरकार महाल आपल्या फौजेच्या खर्चासाठी लिहून घेतले. मुस्तफानगर, एल्लोर, राजमहेंद्री आणि चिकाकोल हे ते महाल. थकलेल्या पगाराच्या तंट्यातून एका सेनापतीच्या हाती एवढा प्रांत आला. देशी दरबारांनी या उदाहरणावरून जे शिकायला हवे होते ते शिकले नाहीत. परक्यांनी मात्र ते नीट लक्षात ठेवले.

पेशव्यांच्या पदरी गारद्यांचा पहिला मोठा नायक मुजफ्फरखान. त्याचा आणि पेशव्यांच्या कारभाऱ्यांचा वाद हजिरीवरून झाला. पगार माणशी द्यायचा, तर माणसे मोजली पाहिजेत, असे दफ्तराचे म्हणणे. गणती घेणे म्हणजे आपल्यावर अविश्वास, आणि शिवाय पैसा अडवण्याचा बहाणा, असे खानाचे म्हणणे. कागदावर शंभर आणि रांगेत सत्तर, हा प्रकार त्या काळी सर्वच फौजांत चाले, तेव्हा दफ्तराचा संशय निराधार नव्हता. पण गणतीचे निमित्त करून पगार लांबवण्याची कारकुनी युक्तीही तितकीच जुनी. खान चाकरी सोडून सावनूरच्या नबाबाकडे गेला. नानासाहेब पेशव्याने त्याला परत मागितले, नबाबाने नाकारले, आणि 1756 साली पेशव्याची फौज सावनूरला वेढा घालून बसली. मदतीला बुसीचा तोफखाना होता. मे महिन्यात नबाब शरण आला. हिशेबाच्या वादातून एका संस्थानावर स्वारी झाली, ती अशी. या वादाच्या मागे नबाबाकडील जुन्या मागण्या आणि कर्नाटकातले राजकारण होतेच, पण ठिणगी पडली ती गारद्यांच्या हजिरीवर.

याच वेढ्यात पगाराच्या बाकीचा आणखी एक रोखा निघाला. नबाबाच्या बाजूने गुत्तीकर मुरारराव घोरपडे लढत होता. त्रिचनापल्लीच्या लढायांत त्याने फ्रेंचांची चाकरी केली होती आणि त्या चाकरीची बाकी पाँडिचेरीच्या सरकारकडून येणे होती. ती मिळण्याची आशा फारशी उरली नव्हती. मुराररावाने तो रोखा बुसीच्या हवाली केला आणि बुसीने मध्यस्थी करून त्याला पेशव्याकडून सन्मानाच्या अटी मिळवून दिल्या. जो पैसा वसूल होत नव्हता त्याच्या मोबदल्यात मुराररावाने आपली दौलत वाचवली. बुडीत बाकीचा इतका शहाणा उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

मुजफ्फरखान पुढे पुन्हा पेशव्यांच्या चाकरीत आला. दरम्यान निजामाकडचा इब्राहिमखान गारदी पेशव्यांकडे येण्याच्या वाटेवर होता आणि पेशव्याचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ यांचा त्याच्यावर भरवसा बसला होता. ऑक्टोबर 1759 मध्ये पुण्यात भाऊंवर मारेकरी घालण्यात आला. भाऊ जखमी होऊन वाचले, मुजफ्फरखानाचा हात उघड झाला आणि त्याला देहान्त शासन मिळाले. इब्राहिमखानाच्या पलटणींनी पुढच्याच वर्षी उदगीरला निजामाविरुद्ध आपली किंमत दाखवून दिली. तेथून त्या भाऊंबरोबर उत्तरेकडे निघाल्या.

पानिपतच्या मोहिमेत पैशाची चणचण सुरुवातीपासून होती. उत्तरेतून येणारा वसूल आला नाही, दक्षिणेतून हुंड्या पोचल्या नाहीत. ऑगस्ट 1760 मध्ये दिल्ली हाती आली तेव्हा लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याचे रुपये पाडण्यात आले. सुमारे नऊ लाख झाले, आणि ते फौजेच्या महिनाभराच्या खर्चालाच लागले. या कृत्याबद्दल भाऊंना दोष देणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या छावणीत महिन्याच्या महिन्याला पैसा मागणारे गारदी होते, आणि त्यांना पैसा न देता पुढे नेणे शक्य नव्हते. पानिपतला कोंडी झाल्यावर दिल्लीहून खजिना घेऊन निघालेले स्वार रात्री वाट चुकून अफगाणांच्या छावणीत शिरले आणि तो पैसाही गेला.

या संदर्भात काशीराजाच्या वृत्तान्तातील एक प्रसंग महत्त्वाचा आहे. काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे शत्रूच्या गोटात. त्याने लिहिले तेही पुष्कळ वर्षांनी, त्यामुळे शब्द जसेच्या तसे धरता येत नाहीत. तो सांगतो की 14 जानेवारी 1761 च्या सकाळी इब्राहिमखान घोडा दौडवत भाऊंकडे आला. आपल्या लोकांचा पगार वेळेवर मिळावा असा हट्ट मी धरत आलो म्हणून तुमची माझ्यावर मर्जी नव्हती. या महिन्यात तर खजिना लुटला गेला आणि आम्हांला काहीच मिळाले नाही. पण त्याची चिंता नको, आजवर खाल्लेल्या अन्नाची फेड आज करतो, अशा अर्थाचे तो बोलला आणि आपल्या निशाणांकडे परतला. प्रसंगाची मांडणी निवेदकाची असेल. मजकूर मात्र इतर सर्व माहितीशी जुळतो : खान पगारासाठी तगादा लावत होता, दरबारातल्या पुष्कळांना तो त्यामुळे नकोसा झाला होता, आणि अखेरच्या दिवशी त्याच्या लोकांचा पगार थकलेला होता.

त्या दिवशी डाव्या बाजूला गारद्यांनी जे केले ते सर्व बाजूंच्या लेखकांनी मान्य केले आहे. समोरच्या रोहिल्यांची त्यांनी मोठी हानी केली. त्यांच्या बहुतेक पलटणी जागेवर कापल्या गेल्या. जखमी इब्राहिमखान पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. मराठी मुलखाने त्याची आठवण ठेवली ती निष्ठेची खूण म्हणून. पण त्याच्या निष्ठेइतकाच त्याचा हट्टही आठवणीत राहायला हवा. आपल्या लोकांच्या पगारासाठी वरिष्ठांची गैरमर्जी पत्करणारा नायक आणि लोकांसह मरेपर्यंत उभा राहणारा नायक एकच होता. पहिल्या गुणामुळेच लोक दुसऱ्या प्रसंगी त्याच्यामागे उभे राहिले.

बारा वर्षांनी चढलेल्या पगाराचे नाव एका खुनाला आडोसा झाले. थोरले माधवराव 18 नोव्हेंबर 1772 ला वारले; मरणापूर्वी राज्याचे कर्ज फेडण्याची तजवीज करून ठेवण्याची त्यांची धडपड होती. नारायणराव गादीवर आल्यानंतर त्याचे काका रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत पडले. 30 ऑगस्ट 1773 रोजी भरदुपारी सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसुफ हे गारद्यांचे नायक आपल्या लोकांनिशी, चढलेला पगार द्या असा ओरडा करत, वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा काकाच्या आश्रयाला धावला आणि तिथेच मारला गेला; त्याला वाचवायला गेलेला चापाजी टिळेकरही पडला. रघुनाथरावांची मूळ आज्ञा पेशव्याला धरण्याची होती आणि ‘ध’ चा ‘मा’ झाला ही कथा घरोघरी आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांवर दोष ठेवला.

या प्रसंगात पगाराची मागणी हे निमित्त होते, यावर दुमत नाही. पण हे निमित्त का चालले, याचा विचार कमी होतो. हत्यारबंद लोक आरडाओरड करत वाड्यात शिरतात आणि पहारा ताबडतोब सावध होत नाही, याचा अर्थ असा की पगारासाठीचा आरडाओरडा त्या दारांना सवयीचा झाला होता. थकबाकी इतकी नित्याची नसती, तर कटवाल्यांना दुसरे सोंग शोधावे लागले असते.

उत्तरेत महादजी शिंद्यांना हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर भेटला. 1784 अखेर ते बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. पदवी मोठी, खजिना रिकामा, आणि पदरी आलेल्या जुन्या मोगली पलटणींचे पगार आधीपासून चढलेले. जुलै 1787 मध्ये जयपूरवाल्यांशी लालसोटजवळ लढाई झाली. रणात निर्णय लागला नाही. तो लागला तीन दिवसांनी, छावणीत : बाकी न मिळालेल्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसह उठून शत्रूकडे चालत्या झाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली आणि पुढच्या काळात दिल्लीही हातची गेली. एखादी लढाई पगारावर गेली असे म्हणायचे झाल्यास ती ही.

त्या माघारीत साथ देणाऱ्यांत बनवा द बॉइन हा सव्हॉयकडील नायक होता. 1784 मध्ये त्याने महादजींसाठी दोन पलटणी उभ्या केल्या होत्या. पुढे त्याने मोठा कंपू उभारण्याची परवानगी मागितली. खर्चाचा जम बसेना म्हणून ती मिळाली नाही. त्याने चाकरी सोडली, लखनौला जाऊन व्यापार मांडला. 1790 मध्ये तो परत आला तेव्हा बोलणे स्पष्ट झाले होते. कंपूच्या खर्चासाठी दोआबातला मुलूख, अलीगढ म्हणजे तेव्हाचे कोइल हे मुख्य ठाणे धरून, त्याच्या ताब्यात देण्यात आला. वसूल त्याने करायचा, पगार त्याने वाटायचा, आणि वसुलीवर शेकडा दोन त्याला स्वतःला मिळायचे. शिपायाच्या पगाराची वाट दरबारातून, कारकुनांच्या हातून आणि सावकाराच्या पेढीवरून जाणे बंद झाले.

परिणाम लगेच दिसले. जून 1790 मध्ये पाटणला आणि सप्टेंबरमध्ये मेडत्याला राजपुतांच्या फौजा मोडल्या, 1793 मध्ये लाखेरीला होळकरांचा पराभव झाला. द बॉइनच्या कवायतीचे कौतुक पुष्कळ होते, पण त्याच्या कंपूत पगार ठरलेल्या दिवशी मिळे, जखमी शिपायाला बक्षीस मिळे आणि अपंगाला जमीन मिळे. लालसोटला चालते झालेले शिपाई आणि मेडत्याला उभे राहिलेले शिपाई एकाच मुलखातले होते. मधल्या तीन वर्षांत त्यांचे रक्त बदलले नव्हते. या व्यवस्थेत धोकाही होता. ज्याच्या हाती वसूल आणि पगार, फौज त्याची. द बॉइनने तो धोका प्रत्यक्षात येऊ दिला नाही. त्याच्यामागून आलेल्या पेराँच्या काळात दोआब शिंद्यांचा की पेराँचा, हे सांगणे कठीण झाले.

स्वतः महादजीही एका अर्थी थकलेल्या बाकीचे दावेदार होते. 1792 मध्ये ते पुण्यास आले तेव्हा उत्तरेतील मोहिमांच्या खर्चाची बाकी त्यांनी पेशवे सरकारकडे मागितली. नाना फडणवीसांनी उलट उत्तरेतील मुलखाच्या वसुलाचा हिशेब मागितला. मुजफ्फरखानाच्या हजिरीचा वाद पस्तीस वर्षांनी राज्याच्या सर्वांत मोठ्या दोन माणसांमध्ये उभा राहिला, एवढाच फरक. फेब्रुवारी 1794 मध्ये वानवडीला महादजी वारले.

त्यानंतरची वर्षे पुण्याने डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या बाजीरावाने गादी मिळवण्यासाठी दौलतराव शिंद्यांना दोन कोटींचे वचन दिले होते. ते देण्याची त्याची ऐपत नव्हती. शिंद्यांची फौज पुण्याच्या परिसरात बसून, पगार चढत चाललेला, आणि दारात रोज तगादा. 1797 च्या अखेरच्या दिवशी नाना कैद झाले, आणि 1798 मध्ये दौलतरावांचा सासरा सर्जेराव घाटगे याला पुण्यातून पैसा उकळण्याची मोकळीक मिळाली. सावकार, कारभारी, सुखवस्तू गृहस्थ यांना पकडून छळण्यात आले. फौजेचा पगार राजधानीच्या रहिवाशांच्या पाठीवर आसूड ओढून वसूल करावा लागला, इथवर ती साखळी येऊन पोचली होती. ज्या पेढ्यांच्या हुंड्यांवर फौजा चालत, त्या पेढ्याच यात मोडल्या.

दौलतरावांची छावणी पुढेही तशीच राहिली. टॉमस ड्युअर ब्राउटन हा इंग्रज अधिकारी 1809 मध्ये तिच्याबरोबर होता, आणि त्याने लिहिलेल्या पत्रांत पगारासाठी डेऱ्यापुढे बसलेल्या पथकांची वर्णने आहेत. परक्या माणसाला हे सारे तमाशासारखे वाटले. धरण्यावर बसलेल्यांच्या दृष्टीने ते वर्षाच्या बाकीतून दोन महिन्यांचे तरी हाती पाडून घेण्याचे एकमेव साधन होते.

इंग्रजांच्या फौजेत असे तंटे नव्हते, हा समज चुकीचा आहे. 1766 च्या आरंभापासून क्लाइव्हने बंगालमधील अधिकाऱ्यांचा दुहेरी भत्ता बंद केला, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे देण्याचा कट केला होता. क्लाइव्ह स्वतः मुंगेरला गेला, मद्रासेहून बदली अधिकारी मागवले आणि सर रॉबर्ट फ्लेचर या ब्रिगेडच्या मुख्याला लष्करी न्यायालयापुढे उभे करून बडतर्फ केले. फरक असा की तो वाद भत्त्याच्या दराचा होता; पगार देणारी तिजोरी कोणती, याबद्दल शंका नव्हती. देशी शिपायाचे महिन्याचे सात रुपये मराठी शिलेदाराच्या कागदावरच्या दरापुढे क्षुल्लक होते. पण ते हाती पडत. म्हणूनच देशी सावकारही आपला पैसा ईस्ट इंडिया कंपनीकडे अधिक निर्धास्तपणे लावू लागला. 1803 च्या युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर-जनरल वेलस्लीने शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना जाहीरनामा काढून बोलावले आणि त्यांच्या निर्वाहाची हमी दिली. कित्येक जण निघून आले. सप्टेंबर 1803 मध्ये अलीगढचा किल्ला घेताना इंग्रजांना वाट दाखवणारा ल्यूकन त्यांतलाच.

बुसीचा धडा याच सुमारास पूर्णत्वास गेला. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने बाजीरावाने कंपनीची किमान सहा हजार तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी 26 लाखांच्या वसुलाचा मुलूख आधीच तोडून दिला. कंपनीने पगार थकण्याची वाट पाहिली नाही. मराठी राज्याने आपल्या गारद्यांना जी हमी पन्नास वर्षांत दिली नाही, ती परक्यांच्या पलटणींना एका सहीने दिली.

होळकरांच्या दौलतीत शेवट अधिक विदारक झाला. यशवंतराव होळकर 1811 मध्ये वारले. त्याआधी काही वर्षे त्यांना वेडाने ग्रासले होते. तुळसाबाई अल्पवयीन मल्हाररावाच्या नावे कारभार पाहू लागल्या. पलटणी आणि पठाण जमादार बाकीसाठी पुन्हा पुन्हा उठत. अमीरखानासारखा बलाढ्य सरदारही आपल्याच लोकांच्या धरण्यातून सुटलेला नव्हता, आणि नोव्हेंबर 1817 मध्ये इंग्रजांशी करार करून तो बाजूला झाला. 20 डिसेंबर 1817 रोजी फौजेतल्या पक्षाने तुळसाबाईंना क्षिप्रेच्या काठी ठार केले. दुसऱ्या दिवशी महिदपूरला तीच फौज इंग्रजांसमोर उभी राहिली. तोफखान्याने शर्थ केली, पण लढाई गेली.

6 जानेवारी 1818 रोजी मंदसोर येथे तह झाला. त्यातील एका कलमाने होळकरांनी जास्तीची फौज काढून टाकायची, उत्पन्नाला झेपेल त्याहून अधिक ठेवायची नाही, मात्र इंग्रजांच्या मदतीसाठी तीन हजार स्वार कायम बाळगायचे, असे ठरले. त्या स्वारांचा पगार नियमित मिळेल अशी तजवीज करावी, ही अट इंग्रजांनी त्याच कलमात लिहून घेतली.